यवतमाळच्या रेषेवरचं बेट

नकाशात यवतमाळ शहरावर बोट ठेवा आणि अक्षांशाची रेषा न सोडता सरळ पश्चिमेकडे सरकत जा. चाळीसगावच्या शेजारून जाणारं बोट दमणजवळ अरबी समुद्रात उतरतं. ओमान, सौदी अरेबिया, मग सुदानपासून मॉरिटानियापर्यंतचं सहारा, पुढे अख्खा अटलांटिक. एवढं सगळं ओलांडून ते जमिनीला लागतं ते थेट क्युबाच्या पूर्व टोकाला, बाराकोआ नावाच्या किनाऱ्यावरच्या गावाशी. दोन्ही ठिकाणं उत्तरेला साधारण २०.४ अंशांवर. (पुणेकरांनी रुसू नये. त्यांची रेषाही डोमिनिकन रिपब्लिकची राजधानी सान्तो दोमिंगोजवळूनच जाते.)

विदर्भातल्या नव्या जोडप्यांनी वर्षानुवर्षं चिखलदरा पाहिला, मग गोवा आणि अंदमान. आता बाली आणि मालदीवचे फोटो स्टेटसला झळकतात. क्युबा अजून त्या यादीत फारसा नाही. अंतर मोठं, थेट विमान नाही आणि भाषा स्पॅनिश. तरीही यवतमाळचं एखादं हौशी जोडपं तिथे पोहोचलंच, तर त्याला पावलोपावली घरची एखादी गोष्ट भेटेल, तीही वेगळ्याच वेशात.

सुरुवात उन्हापासूनच करू. अक्षांश एकच असल्यामुळे मे महिन्याच्या २२-२३ तारखेच्या सुमाराला दोन्ही गावांत सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली लपते. यवतमाळात तेव्हा पारा ४५ अंशांकडे झेपावत असतो, कूलरसमोरून कोणी हलत नाही. बाराकोआत मात्र तो तिशीच्या आसपासच रेंगाळतो. सूर्य तोच, पण तिथे चहूबाजूंनी समुद्र आहे. पाणी जमिनीसारखं झटपट तापत नाही, शिवाय ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे वर्षभर किनारा थंड ठेवतात. हेच ओले वारे गावामागच्या डोंगरांना अडतात, म्हणून क्युबातला सर्वाधिक पाऊस याच भागात पडतो. बाकीचा देश कोरडा असतानाही बाराकोआत सर येऊन जाते. पिशवीत छत्री हवीच.

भारताचा पत्ता चुकून या किनाऱ्याला लागलेला पहिला प्रवासी म्हणजे कोलंबस. २७ नोव्हेंबर १४९२ला तो बाराकोआच्या बंदरात शिरला. निघाला होता आशियाला, आणि आपण तिथे पोहोचलो यावर त्याचा ठाम विश्वास होता. पुढच्या सफरीत, १४९४मध्ये, त्याने आपल्या खलाशांकडून शपथच वदवून घेतली की क्युबा हे बेट नसून मुख्य भूमी आहे. बेट बेटच राहिलं. १५११मध्ये दिएगो वेलास्केसने बाराकोआ वसवलं, आणि ते क्युबातलं स्पॅनिशांचं पहिलं गाव ठरलं.

१४९२च्या पहिल्या सफरीत कोलंबसला दिसलेली एक गोष्ट यवतमाळकरांच्या जिव्हाळ्याची आहे: कापूस. बेटांवरचे तायनो लोक सुताचे गुंडे घेऊन त्याच्या जहाजाकडे आले होते. त्या सुताचे झोपाळे विणून ते त्यांत झोपत. युरोपच्या खलाशांना असं लटकून झोपणं इतकं सोयीचं वाटलं की पुढे जहाजांवर तीच पद्धत रूढ झाली. आज यवतमाळच्या काळ्या मातीत उभी असलेली बहुतेक पऱ्हाटीही अमेरिका खंडातल्याच जातीची आहे. आपल्याकडची जुनी देशी जात वेगळी, आखूड धाग्याची.

माल वाहण्यासाठी रूळ टाकण्याचा हिशेबही दोन्हीकडे सारखाच. कापसासाठी ब्रिटिश कंपनीने मूर्तिजापूर–यवतमाळ अरुंद मार्गावर ‘शकुंतला’ ही आगगाडी धावती केली. क्युबात हे काम उसाने करवलं. हवानापासून निघालेली तिथली पहिली रेल्वे १८३७मध्ये सुरू झाली. म्हणजे मुंबई–ठाण्याच्या १६ वर्षं आधी, आणि गंमत म्हणजे खुद्द स्पेनच्या भूमीवरच्या पहिल्या रेल्वेच्याही ११ वर्षं आधी.

ताटात काय पडेल, हा आपल्या माणसाचा खरा प्रश्न. बाजारात पेरू, पपई, अननस, रताळी अशी सगळी ओळखीची मंडळी दिसतात. ही फळं-कंद मूळची तिकडचीच, पोर्तुगीजांच्या जहाजांतून इकडे आली आणि घरची झाली. मिरचीही तशीच आली, पण क्युबाने तिच्याशी फारसं सख्य ठेवलं नाही. जेवण अगदी सौम्य असतं. ठेच्यावर वाढलेल्या माणसाने कोरड्या चटणीची पुडी सामानात टाकावी. शाकाहारी जोडप्याने काळ्या घेवड्याच्या भातावर लगेच ताव मारू नये, कारण तो बहुधा डुकराच्या चरबीत शिजवतात. आधी ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करावेत. कच्च्या केळ्याचे चपटे करून तळलेले काप मात्र बिनधास्त खावेत. बाराकोआ हे नारळाचं आणि कोकोचं गाव. किसलेलं खोबरं, साखर आणि पेरू एकत्र शिजवून ताडाच्या पानाच्या शंकूत भरतात. त्याला ‘कुकुरुचो’ म्हणतात. नारळीपाकाच्या वडीची सवय असलेल्याला तो पहिल्या घासातच आपला वाटेल. १९५९मध्ये भारतभेटीवर आलेल्या क्रांतिकारक चे गेवाराने १९६३मध्ये इथल्या चॉकलेट कारखान्याचं उद्घाटन केलं होतं.

उतरायचं कुठे? हॉटेलापेक्षा ‘कासा पार्तिकुलार’ बरं. स्वतःच्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला क्युबाच्या सरकारने १९९७मध्ये परवानगी दिली. दारावर निळी खूण असते, आत घरधनीण असते आणि स्वयंपाकघरातला वास सांगतो की आज मासा नारळाच्या दुधात शिजतोय. वीज जाणं हा मात्र तिथला रोजचा विषय झालाय. ऑक्टोबर २०२४मध्ये तर साऱ्या देशाची वीजयंत्रणाच कोलमडली. लोडशेडिंगच्या काळात अंगणात खाट टाकून गप्पा मारलेल्या यवतमाळकराला ही परीक्षा अवघड जाऊ नये. इंटरनेटवर आणि कार्डावर फार भिस्त ठेवू नये. रोख युरो जवळ असलेले बरे.

संध्याकाळी गावातल्या ‘कासा दे ला त्रोवा’ या गाण्याबजावण्याच्या घरात जावं. पूर्व क्युबा हे ‘सोन’ संगीताचं माहेर. गिटारच्या कुळातलं ‘त्रेस’, जोडीने वाजणारे बोंगो, हातात खुळखुळणारी माराका, आणि समोर जोडीने नाचणारी माणसं. त्यांत विशीतली पोरं असतात आणि सत्तरीतले आजी-आजोबाही. आपल्याकडचा नवरा वरातीत डीजेपुढे तासभर नाचतो, पण बायकोचा हात धरून चार पावलं टाकायची वेळ आली की त्याला अचानक तहान लागते. इथे ही सबब चालणार नाही. कोणीतरी आजी त्याला ओढून नेईलच.

पोहायचं असेल तर वायव्येला मागुआनाचा किनारा आहे. चालायचं असेल तर ‘एल युंके’ हा सपाट माथ्याचा डोंगर आहे, उंची ५७५ मीटर. जवळचं हम्बोल्ट राष्ट्रीय उद्यान २००१पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. वाटेत कोणी पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांच्या गोगलगाईंचे शंख विकायला पुढे केले तर घेऊ नयेत. ‘पोलिमिता’ ही गोगलगाय फक्त पूर्व क्युबात सापडते आणि तिच्या व्यापारावर बंदी आहे.

आता वेळेचं गणित. चक्रीवादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर. मॅथ्यू वादळाने ऑक्टोबर २०१६मध्ये बाराकोआची छपरं उडवली होती. म्हणून डिसेंबर ते एप्रिल उत्तम. तोवर इकडे यवतमाळात कापसाचे दोन-तीन वेचे झालेले असतात, तुळशीचं लग्न लागून घरोघरच्या लग्नांना सुरुवात झालेली असते. नागपूरहून दिल्ली किंवा मुंबई, तिथून युरोपमार्गे क्युबा. हवाना ते बाराकोआ हे रस्त्याने सुमारे हजार किलोमीटर, त्यामुळे हातात पंधरवडा हवा. शेवटचा टप्पा ‘ला फारोला’ या घाटरस्त्याचा. १९६०च्या दशकात तो होईपर्यंत गावात यायला समुद्राशिवाय धड वाट नव्हती.

हिवाळ्यात क्युबाचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असतं. तिथे रात्री नऊला नाच आटोपून घरी फोन लावला, तर यवतमाळात सकाळचे साडेसात वाजलेले असतील. सासूबाई चहा गाळत विचारतील, ‘जेवले का?’ आणि काळ्या घेवड्याची सगळी कथा मग त्यांना पहिल्यापासून सांगावी लागेल.