माऊस हाती धरताना

स्मरणिकेसाठी बालरोगतज्ज्ञाने लिहावे ते लसीकरणाविषयी किंवा आहाराविषयी, असा जणू संकेतच आहे. यंदा मी लिहिणार आहे ते माऊसच्या क्लिकविषयी. विषय क्षुल्लक वाटेल. पण त्यापायी माझा दवाखाना सव्वीस वर्षांच्या अनुभवाला मुकणार होता.

आमच्या सिस्टर मूळच्या नंदुरबारच्या. ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेत आल्या आणि इथल्याच झाल्या. कोणत्या बाळाचा कोणता डोस राहिला आहे, हे त्या रजिस्टर न उघडता सांगत. गेल्या वर्षी आम्ही नोंदी संगणकावर नेल्या आणि याच सिस्टर एकाएकी नवशिक्या ठरल्या. डबल क्लिक करताना कधी माऊस सरके, कधी दुसरी टिचकी उशिरा पडे, आणि फाइल काही उघडत नसे. एका गर्दीच्या संध्याकाळी माझा संयम सुटला. "सरका ताई, मी करतो," असे म्हणून मी त्यांच्या हातातून माऊस काढून घेतला. समोर पालक बसलेले होते. दुसऱ्या दिवशी त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, माझ्या भाचीनं एमएस-सीआयटी केलंय. तिला ठेवून घ्या. मला आता हे जमायचं नाही."

त्या रात्री मला माझेच शब्द आठवले. सहा महिन्यांचे बाळ वस्तू मुठीत धरते. नवव्या-दहाव्या महिन्यात अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट जमू लागते. त्या वयात बाळाने ताटलीतला चुरमुरा दहादा सांडला, तरी आम्ही आईला बजावतो, "सांडू द्या, तुम्ही उचलून देऊ नका." क्लिक करणे हेही असेच हाताचे कौशल्य आहे, बुद्धीची परीक्षा नव्हे. हात टेबलावर पुढे सरकतो आणि बाण पडद्यावर वर चढतो. नजर एकीकडे, हात दुसरीकडे. हा मेळ मेंदूला नव्यानेच बसवावा लागतो. डग्लस एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत 1964 साली लाकडी खोक्याचा पहिला माऊस तयार झाला. त्यापूर्वी जगात कोणालाच हे येत नव्हते, हे आपण विसरतो.

1999 साली सुगत मित्रा यांनी दिल्लीत कालकाजी येथील वस्तीलगतच्या भिंतीत एक संगणक बसवला. शिकवायला कोणीही नव्हते. तरी मुले एकमेकांचे पाहून तो चालवू लागली. बाणाला ती 'सुई' म्हणत आणि थांबायला सांगणाऱ्या वाळूच्या घड्याळाला 'डमरू'. तिथे हातातून काही हिसकावून घेणारा मोठा माणूस नव्हता, हेही त्या यशाचे एक कारण असावे, असे मला वाटते.

मी सिस्टरांची क्षमा मागितली आणि आम्ही पहिल्या धड्यापासून आरंभ केला. दुपारी दवाखाना रिकामा असताना रोज पंधरा मिनिटे. मनगट टेबलावर टेकवायचे, तर्जनी डाव्या बटणावर, मधले बोट उजव्या बटणावर. आधी नुसता बाण फिरवायचा. मग एक क्लिक, म्हणजे निवड. उजवे क्लिक, म्हणजे पर्यायांची यादी. बटण दाबून धरून वस्तू ओढण्याच्या सरावासाठी पत्त्यांचा सॉलिटेअर! 1990 च्या विंडोज 3.0 बरोबर तो खेळ घरोघर पोहोचला आणि असंख्य लोकांचा हात त्यावरच बसला.

डबल क्लिकचा उपाय तर सेटिंगमध्येच होता. विंडोजमध्ये दोन टिचक्यांसाठी मुळात 500 मिलिसेकंद, म्हणजे अर्धा सेकंद मिळतो. माऊसच्या सेटिंगमध्ये हा अवधी वाढवता येतो. तेवढ्यानेही न जमल्यास एक क्लिक करून एंटर दाबावे. काम तेच होते. संधिवात किंवा हाताचा कंप असलेल्यांसाठी बाणाचा वेगही कमी करावा. लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडवर साधारणतः एका बोटाची टिचकी म्हणजे क्लिक, दोन बोटांची म्हणजे उजवे क्लिक, आणि दोन बोटे वरखाली सरकवली की पान सरकते. नवशिक्याने मात्र आरंभ माऊसवरच करावा. ट्रॅकपॅडवर चुकून टेकलेला अंगठाही गोंधळ उडवतो.

सुमारे तीन आठवड्यांनी सिस्टरांनी एका बाळाची नोंद एकट्याने पूर्ण केली. मला मात्र काही त्या म्हणाल्या नाहीत. पुढच्या बाळाला आत बोलावले. आज एखाद्या डोसची तारीख संगणकात चुकली, तर ती पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात येते.

आपल्या समाजात अनेक घरी आई, सासरे, निवृत्त काका संगणकासमोर अवघडून बसलेले असतील. कित्येक ज्येष्ठ सहकारीही असतील. त्यांच्या शेजारी जरूर बसा. पण आपले दोन्ही हात मागे बांधून. चुरमुरा त्यांनाच उचलू द्या.