बिनकामाच्या दिवसांत बॅटरीची राखण

लोणी आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बचत गटांशी आज आम्ही एका रोजच्या वस्तूबद्दल बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे बॅटरी.

उन्हाळी कांदा निघाला की फवारणीचा पंप कोपऱ्यात जातो. मग खरिपाची फवारणी येते तेव्हाच त्याची आठवण होते. बटण दाबावं, तर पंप क्षणभर गुरगुरतो आणि गप्प होतो. "बॅटरी खराबच होती," असं म्हणून आपण दुकानदाराला बोल लावतो. पण पुष्कळदा ती बॅटरी वापरून खराब झालेली नसते, नुसती पडून राहून खराब झालेली असते. गाय भाकड असली म्हणून तिची वैरण आपण बंद करत नाही. बॅटरीचंही तसंच आहे.

असं का होतं, ते आधी समजून घेऊ. पंप, ट्रॅक्टर आणि इन्व्हर्टर यांत बहुधा शिशाची बॅटरी असते. ती १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी शोधली. आत शिशाच्या प्लेटा आणि ॲसिडचं पाणी असतं. बॅटरी वापरली की प्लेटांवर एक पांढरट थर बसतो. चार्ज केली की तो विरघळतो. पण उतरलेली बॅटरी तशीच ठेवून दिली, तर तो थर हळूहळू खड्यासारखा कडक होतो. मग चार्जर कितीही लावला तरी बॅटरी पूर्ण भरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, काहीही न जोडता ठेवलेली बॅटरीसुद्धा आपोआप उतरत असते. साधारण हवेत चांगली बॅटरी महिन्याला सुमारे ३ ते ५ टक्के उतरते. उष्णता १० अंशांनी वाढली की हा वेग जवळपास दुप्पट होतो. आपला पंप नेमका चैत्र-वैशाखात, तोही पत्र्याखाली पडलेला असतो!

थंड देशांत लोक घरासारख्या मोठ्या गाड्या घेऊन फिरतात आणि हिवाळाभर त्या उभ्या ठेवतात. त्यांना भीती थंडीची, कारण उतरलेल्या बॅटरीतलं पाणी गोठून डबा फुटू शकतो. आपल्याला भीती उन्हाची. पण दोघांचा उपाय एकच आहे: ठेवताना बॅटरी पूर्ण भरायची आणि पडून असताना अधूनमधून भरत राहायची.

आता एकेक वस्तू घेऊ.

फवारणीचा पंप: शेवटची फवारणी झाली की टाकी धुऊन घ्या, साध्या पाण्यावर पंप थोडा चालवा आणि त्याच दिवशी चार्जिंगला लावा. चार्जरचा दिवा हिरवा झाला की पिन काढा, दिवसेंदिवस लावून ठेवू नका. पंप सावलीत, हवेशीर जागी ठेवा. पुढे महिन्यातून एकदा पुन्हा पूर्ण चार्ज करा. काही नव्या पंपांत लिथियमची बॅटरी असते. ती ठेवताना मात्र पूर्ण भरायची नसते, साधारण निम्मी भरलेली ठेवायची. आपली बॅटरी कुठली आहे, ते तिच्यावर लिहिलेलं असतं.

ट्रॅक्टर किंवा पिकअप: गाडी उभी असली की रोज पाच मिनिटं चालू करून बंद करण्याची पुष्कळांना सवय असते. त्याने फायदा कमी आणि तोटा जास्त होतो. सेल्फ मारताना जेवढी वीज जाते, तेवढी पाच मिनिटांत भरून येत नाही. चालवायचीच तर निदान अर्धा तास चालवावी. महिनाभर हलणारच नसेल, तर बॅटरीची वायर सोडून ठेवावी. सोडताना आधी निगेटिव्ह सोडायची आणि जोडताना ती शेवटी जोडायची. नाहीतर पाना लोखंडाला लागून ठिणगी उडते.

इन्व्हर्टर: पाण्याच्या बॅटरीतली पातळी महिन्याला बघा. प्लेटा कधीही उघड्या पडू देऊ नका. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचं, नळाचं किंवा फिल्टरचं पाणी चालत नाही, कारण त्यातले क्षार प्लेटा खराब करतात. घर बंद करून मुंबईला लेकाकडे राहायला जायचं असेल, तर बॅटरी भरून जा आणि महिन्यातून एकदा चार्जिंगला लावायचं काम विश्वासातल्या शेजारणीला सांगून जा.

बॅटरी भरलीय की नाही, हे मीटरने कळतं. चार्जर काढून काही तासांनी मोजा. १२ व्होल्टची शिशाची बॅटरी १२.६ च्या पुढे दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेली, तर त्याच दिवशी चार्जिंगला लावा.

चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ चूल, काडी, उदबत्ती नको. ॲसिड अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांत गेलं तर धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठा. जुनी बॅटरी घरी फोडू नका. शिसं विषारी आहे, आणि लहान मुलांना त्याचा सर्वांत जास्त धोका असतो. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, तिचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून कमी होतात.

शेवटचा मुद्दा गटाचा. घरच्या पंपाला एक मालकीण असते, गटाच्या पंपाला दहाजणी. आणि सगळ्यांची वस्तू कुणाचीच नसते. म्हणून आम्ही दोन नियम सुचवतो. एक, पंप परत करणारीने तो चार्ज करूनच परत करायचा. दोन, महिन्याच्या बैठकीचा दिवस हाच चार्जिंगचा दिवस ठरवायचा. पाळीपाळीने एकीने पंप चार्ज करायचा आणि इतिवृत्ताच्या वहीत तारीख व नाव लिहायचं. हप्त्याचा हिशोब लिहितो त्याच वहीत ही एक ओळ वाढवायची.

आपल्या आंबेगाव-जुन्नरमध्ये अंधार पडल्यावर बिबट्याच्या भीतीने हातात उजेड लागतोच. तेव्हा पंपाची बॅटरी बघाल, त्याच दिवशी घरातली चार्जिंगची विजेरीही बघा. ती तर रोज भरलेली हवी.