खेळाच्या सरीत शिक्षणाचे आंतरपीक



शिवारफेरीत हल्ली उसाआधी पोरांचाच विषय निघतो. "पोरगं कबड्डीत चमकलंय, कॉलेज सोडू का म्हणतंय." म्हणून हा लेख.

प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली, अल्टिमेट खो-खो २०२२ साली. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यातल्या पोरांनाही मैदानात पैसा दिसू लागला. चांगलंच झालं. पण गुडघा गेला की करार संपला. पुढची तीस वर्षं काय करायचं?

गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले आणि कुस्तीही खेळले. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळाले, १९५५ साली ते फौजदार झाले. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी धावल्या. पुढे शासनाने त्यांना उपजिल्हाधिकारीपदी नेमले. अशा पदाला पदवी लागते, हे ध्यानात घ्या.

आता सराव शिबिरातल्या पोराला रोज वर्गात बसणं जमत नाही. त्यासाठी दूरशिक्षण आणि ऑनलाइन पदवी आहे. रत्नागिरी जिल्हा ज्या मुंबई विद्यापीठात येतो, तिथे दूरशिक्षण १९७१ पासून आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे.

आडसाली उसात आपण भुईमूग, सोयाबीन घेतो. ते मोठ्या बांधणीआधी निघावं लागतं आणि उसाच्या तोंडचं खत-पाणी त्यानं खाता कामा नये. इथंही हिशेब तोच.

१. परीक्षेचं आणि स्पर्धांचं वेळापत्रक शेजारी ठेवून मगच प्रवेश घ्यावा.
२. झेपेल तोच विषय निवडावा. अभियांत्रिकी, वैद्यकीय पदवी या मार्गाने मिळत नाही.
३. फी भरण्याआधी त्या अभ्यासक्रमाला आयोगाची मान्यता आहे का, ते पाहावे.
४. रोज एक तास अभ्यास. स्वाध्याय वेळेवर द्यावेत. मोबाईलवर व्याख्यान लावून झोपलं तर पीक येत नाही!

पोराला जरूर खेळू द्या. फक्त प्रवेशाची मुदत निघून जाण्याआधी एकदा विचारा, "अर्ज भरलास का रे?" आणि हेच पोरीलाही विचारा.

— ऊस विकास अधिकारी