बर्फातल्या ट्रेकआधी हवामानाचा अंदाज कसा वाचायचा?

मेटगळ्ळी, म्हैसूर इथून आजचा भाग.

डिसेंबर जवळ आला की पुण्या-मुंबईतून, बेळगाव-हुबळीतून आणि इथून म्हैसूरमधूनही लोक केदारकंठा, ब्रह्मताल अशा बर्फातल्या ट्रेकला निघतात. हल्ली त्यात पन्नाशी-साठीतले लोकही असतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "ॲपवर उणे पाच दाखवतंय, जॅकेट किती जाड घेऊ?"

उत्तर आधीच सांगतो. हा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. तो कोणत्या उंचीचा आहे आणि त्या वेळी वारा किती असणार आहे, हे कळलं तरच त्याचा उपयोग.

आपली थंडी वेगळी

म्हैसूरला जानेवारीत पहाटे पारा १६-१७ अंशांवर आला की आपल्या कानटोप्या बाहेर निघतात. महाराष्ट्रात थंडी म्हटलं की निफाडचा आकडा आठवतो, नाहीतर महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठचे हिमकण. "महाबळेश्वरात बर्फ पडला" असं आपण म्हणतो, पण तो वरून पडलेला नसतो. आकाश निरभ्र असतं, वारा पडलेला असतो, जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते आणि पानांवरचं दव गोठतं. त्या रात्री ढग आले किंवा वारा सुटला, तर हिमकण दिसत नाहीत.

त्यामुळे कडाक्याची थंडी म्हणजे स्वच्छ आकाश आणि शांत हवा, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. हिमालयात माणसाला अडचणीत आणणारी थंडी बहुतेक वेळा ढग, बर्फ आणि वारा यांच्यासोबत येते. आपला अनुभव तिथे कामाला येत नाही.

बर्फ येतो कुठून?

हिवाळ्यात हिमालयात बर्फ आणतात ते पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार होणारे हे कमी दाबाचे पट्टे वरच्या थरातल्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात येतात. डिसेंबर ते मार्च या काळात महिन्याला साधारण चार ते सहा येतात. सगळेच जोरदार नसतात.

त्यांची चाल ओळखता येते. आधी उंचावर पिसांसारखे पातळ ढग दिसतात. पुढे ढग दाट होतात आणि रात्र उलट थोडी उबदार वाटते, कारण ढग पांघरुणासारखं काम करतात. "आज थंडी कमी आहे" असं तंबूत कुणी म्हणालं, तर सावध व्हावं. त्यानंतर बर्फ सुरू होतो. झंझावात पुढे सरकला की वायव्येकडून कोरडा, बोचरा वारा सुटतो आणि आकाश मोकळं होतं. हीच थंड हवा पुढे मैदानात उतरते, आणि मग निफाडचा पारा घसरल्याची बातमी येते.

उंचीचा हिशेब

दर १,००० मीटर चढल्यावर तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. केदारकंठ्याचं उदाहरण घ्या. पायथ्याचं सांकरी गाव सुमारे १,९५० मीटरवर आहे आणि माथा ३,८१० मीटरवर. फरक १,८६० मीटरचा, म्हणजे साधारण १२ अंशांचा. ॲपवर सांकरीला शून्य दिसत असेल, तर माथ्यावर त्या वेळी उणे १२ च्या आसपास धरून चाला. ॲप अनेकदा जवळच्या गावाचाच आकडा दाखवतं, म्हणून आकड्याशेजारी उंची दिली आहे का, ते आधी बघा.

वाऱ्याचा हिशेब

गरम चहा आपण बशीत ओतून फुंकर मारतो. चहावरची गरम हवा फुंकरीने उडून जाते, म्हणून तो लवकर निवतो. आपल्या त्वचेलगतही गरम हवेचा पातळ थर असतो. वारा तोच उडवून नेतो.

आता आकडे बघू. तापमान उणे ५ आणि वारा ताशी ४० किलोमीटर, तर उघड्या त्वचेला ते उणे १४ सारखं लागतं. उणे १० ला ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर उणे २० सारखं. शिवाय हे कोरड्या त्वचेचं गणित आहे. हातमोजे किंवा आतले कपडे घामाने ओले असतील, तर शरीर याहून फार लवकर गार पडतं. म्हणून नुसतं जाड जॅकेट पुरत नाही. बाहेरून वारा अडवणारा थर आणि पिशवीत कोरडा जोड, दोन्ही हवेत.

जून २०२४ ची घटना

कर्नाटकातल्या आपल्या लोकांनी हे विसरू नये. उत्तराखंडातल्या सहस्त्रताल ट्रेकला २२ जणांचा गट गेला होता. त्यातले बहुतेक कर्नाटकातले होते, सोबत तीन स्थानिक वाटाडे. तळ्याकडून छावणीकडे परतताना त्यांना हिमवादळाने गाठलं. नऊ जण गेले, बाकीच्यांना बचाव पथकांनी आणि हवाई दलाने खाली आणलं. त्या गटात अनुभवी ट्रेकर होते आणि महिना जूनचा होता.

सुमारे चार हजार मीटरच्या वर ढग आणि वारा एकत्र आले की हिवाळा कोणत्याही महिन्यात येऊ शकतो. मग खऱ्या हिवाळ्यात किती सावध राहायला हवं, ते तुम्हीच ठरवा. हिमवादळात समोरचा माणूस दिसेनासा होतो, वाट बुजते, थांबलं तर शरीर गार पडतं आणि चाललं तर दिशा चुकते. तिथे पोहोचल्यावर सुटकेचे मार्ग फार कमी उरतात. निर्णय त्याच्या आधीच घ्यावा लागतो.

बर्फ थांबल्यावरचा धोका

खळ्यावर उफणणी करताना भुसकट वाऱ्याने उडतं आणि पलीकडच्या बाजूला साठतं. डोंगरधारेवर बर्फाचं तसंच होतं. वारा एका बाजूचा बर्फ उचलतो आणि आडोशाच्या उतारावर त्याचा थर रचतो. हा थर खालच्या जुन्या बर्फाला नीट चिकटलेला नसतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून असे थर सुटतात, तेच हिमस्खलन. मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात, आणि नेमकं तेव्हाच ऊन पडलेलं असतं, फोटो सुंदर येतात.

हिमस्खलनाचा इशारा चंदीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था देते. २७ फेब्रुवारी २०२५ ला तिने चमोलीसह उत्तराखंडातल्या काही जिल्ह्यांत २,४०० मीटरच्या वर धोका असल्याचं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमकडा कोसळला. ५४ कामगार अडकले. ४६ वाचले, आठ गेले. ते पोटासाठी तिथे होते. आपण हौसेने जातो, त्यामुळे इशारा मिळाल्यावर न जाण्याची सोय आपल्याकडे असते.

निघण्याआधी आणि वाटेत

१. हवामान खात्याच्या श्रीनगर, सिमला किंवा डेहराडून केंद्राचा जिल्हावार अंदाज रोज बघा. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे कार्यक्रम बदला. जिल्ह्याचा इशारा पिवळा असला तरी माथ्यावर परिस्थिती त्याहून वाईट असू शकते.

२. विंडीसारख्या ॲपवर जमिनीजवळचा वारा न बघता वरच्या थरातला बघा. ७०० हेक्टोपास्कल म्हणजे साधारण ३,००० मीटर, ६०० म्हणजे सुमारे ४,२०० मीटर.

३. घड्याळात उंचीमापक असेल, तर रात्री तंबूत त्यावरचा आकडा लिहून ठेवा. तुम्ही जागचे हलला नाहीत आणि सकाळी उंची ४०-५० मीटरने वाढलेली दिसली, तर हवेचा दाब उतरला आहे. हवा बिघडते आहे.

४. परत फिरण्याची वेळ आदल्या रात्रीच ठरवा आणि सगळ्यांसमोर बोला. माथा कितीही जवळ दिसला तरी ती वेळ झाली की वळा.

५. ट्रेक आयोजकाला पैसे भरण्याआधी विचारा : हवा बिघडली तर राखीव दिवस आहे का? उपग्रह फोन किंवा वॉकीटॉकी आहे का? मागे फिरायचं हे कोण ठरवणार?

पाच दिवसांपुढचा अंदाज सुट्टीचा अर्ज टाकायला ठीक आहे, चढाईचा निर्णय त्यावर घेऊ नका. तो आदल्या संध्याकाळचा अंदाज आणि त्या पहाटेचं आकाश बघूनच घ्यायचा. आणि तिकडच्या वाटाड्याने "आज नको" म्हटलं, तर वाद घालू नका.

घरातलं कुणी या हिवाळ्यात निघालं असेल, तर निघायच्या आधी त्यांच्यासोबत बसून त्या डोंगराची उंची आणि तिथला वारा एकदा बघा. दहा मिनिटांचं काम आहे. पुढच्या भागात भेटू.