विश्लेषण : ‘जोॲन’ बुडाली, मग अमेरिकेतील छोटी क्विल्ट दुकाने कशावर चालतात?

अमेरिकेत शिवणकाम आणि हस्तकलेचे साहित्य विकणारी ‘जोॲन’ ही १९४३ मध्ये ओहायोत सुरू झालेली साखळी मे २०२५ अखेर पूर्णपणे बंद झाली. वर्षभरात दुसऱ्यांदा दिवाळखोरीचा अर्ज करावा लागल्यानंतर सुमारे ८०० दुकानांना टाळे लागले. मात्र त्याच बाजारात, दोन-तीन माणसांनी चालवलेली, पुढे क्विल्टचे कापड विकणारी आणि मागच्या खोलीत ‘लाँगआर्म’ यंत्रावर गिऱ्हाइकांच्या रजया टाचून देणारी दुकाने अनेक लहान गावांत टिकून आहेत. त्यांचे गणित वेगळे आहे. ते सोपे मात्र अजिबात नाही.

लाँगआर्म म्हणजे काय?

क्विल्ट म्हणजे आपल्या गोधडीसारखेच तीन थर. वर तुकडे जोडून केलेला दर्शनी भाग, मध्ये कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा भराव आणि खाली अस्तर. तुकडे जोडणे घरच्या मशीनवर सहज होते. अडचण येते ती तिन्ही थर एकत्र टाचताना. घरगुती मशीनमध्ये सुईपासून खांबापर्यंत जेमतेम सहा ते अकरा इंच जागा असते. त्यात पलंगभर रजई गुंडाळून कोंबायची म्हणजे खांद्यांची परीक्षाच. लाँगआर्ममध्ये उलटे होते. कापड दहा-बारा फुटी चौकटीच्या रुळांवर ताणलेले राहते आणि १८ ते ३० इंच लांब हाताचे मशीन त्यावरून फिरते. काही यंत्रे हाताने चालतात, काही संगणकावर.

यंत्राची किंमत साधारण दहा हजारांपासून चाळीस हजार डॉलरपर्यंत जाते. घरोघरी ते असणे शक्य नाही, जागाही नसते. म्हणूनच टाचून देण्याचा धंदा उभा राहिला.

टाचण्याचा दर कसा ठरतो?

चौरस इंचावर. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच नक्षी टाचायची असेल, तर दोन ते चार सेंट प्रति चौरस इंच हा सर्रास दिसणारा दर. चौकोनाचौकोनाला वेगळी नक्षी हवी असेल तर त्याच्या कितीतरी पट. ६० बाय ८० इंचांची रजई म्हणजे ४८०० चौरस इंच. अडीच सेंटने १२० डॉलर झाले. भराव आणि दोऱ्याचे पैसे बहुधा वेगळे. तीस हजारांचे यंत्र असेल तर केवळ त्याची किंमत वसूल व्हायला अशा अडीचशे रजया लागतात, आणि यात भाडे, वीज, दुरुस्ती व स्वतःची मजुरी धरलेलीच नाही.

शिवाय यंत्र फिरते तेवढाच वेळ मोजून चालत नाही. अस्तर चारही बाजूंनी निदान चार इंच मोठे लागते. ते कमी आले की आधी जोड द्यायचा. कडेच्या पट्ट्या मोजून न लावल्यामुळे दर्शनी भाग फुगलेला असतो, तो यंत्राखाली सपाट करताना चुणी पडण्याची भीती. वरचा आणि खालचा दोरा सारख्या ताणाचा नसेल तर वळणावर खालच्या बाजूला फास दिसू लागतात. तसे झाले की उसवत बसायचे. दहा मिनिटांत घातलेले टाके उसवायला अख्खी संध्याकाळ जाते. आणि हाताखाली असते ती कुणा वारलेल्या नवऱ्याच्या शर्टांची किंवा आजीने अर्धवट सोडलेली रजई. ती कापली-फाटली तर भरपाई कशी करणार? म्हणून माल घेतानाच माप, डाग, शिवणी तपासून गिऱ्हाइकासमोर लिहून ठेवण्याची शिस्त अनुभवी मंडळी पाळतात.

मग कापड कशाला विकायचे?

कारण कापडामुळे माणूस दुकानात येतो. पण भांडवल अडकते तेही इथेच. क्विल्टच्या सुती कापडाचा पन्हा साधारण ४४ इंच, आणि घाऊक विक्रेते बहुतेक वेळा अख्खा तागा घ्यायला लावतात. समजा १५ यार्डांचा तागा शंभर डॉलरला पडला, तर हजार ताग्यांचे दुकान म्हणजे एक लाख डॉलर फळीवर. नव्या छापांची मागणी महिनोन्महिने आधी नोंदवावी लागते, आणि संपलेला छाप पुन्हा निघेलच असे नाही. गिऱ्हाईक नेमके त्याच निळ्याचा अर्धा यार्ड मागायला येते!

उरलेल्या कापडाचे १८ बाय २२ इंचांचे तुकडे करून विकणे, नमुना आणि कापड एकत्र बांधून देणे, महिन्याला एक चौकोन शिकवणारे वर्ग, हे सगळे भांडवल फिरते ठेवण्याचे उपाय. सर्वात परिणामकारक जाहिरात मात्र भिंतीवर टांगलेली पूर्ण रजई. तिच्यातले कापड आधी संपते.

‘जोॲन’च्या जाण्याने या दुकानांकडे काही गिऱ्हाईक वळले असणार, पण स्वस्त कापडाची सवय झालेल्याला यार्डामागे बारा-चौदा डॉलर जड जातात. त्यात बरेचसे कापड कोरिया, जपान, इंडोनेशिया, भारत अशा देशांतून येते. २०२५ मधील आयातशुल्काचा, विशेषतः भारतीय मालावर ऑगस्टमध्ये लागलेल्या ५० टक्क्यांचा, भार छोट्या दुकानदाराला टाळता येण्यासारखा नव्हता.

याच यंत्रातून मोठा धंदा उभा राहिला का?

एक उदाहरण प्रसिद्ध आहे. २००८ च्या मंदीत जेनी डोन यांच्या कुटुंबाच्या निवृत्तीच्या पुंजीला फटका बसला. मिझुरीतील हॅमिल्टन या दोन हजारांहून कमी वस्तीच्या गावात मुलांनी आईला लाँगआर्म घेऊन दिले. टाचायला दिलेली रजई परत मिळायला वर्ष लागते, हे त्यांनी आईकडूनच ऐकले होते. पुढे यूट्यूबवरील धडे आणि ऑनलाइन विक्रीतून ‘मिझुरी स्टार क्विल्ट कंपनी’ वाढली आणि गावातील मुख्य रस्त्यावरच्या इमारतींत तिची दुकाने थाटली गेली. पण हा अपवाद. वाढीचा मोठा वाटा कापड आणि धड्यांचा होता. एका माणसाच्या हाताने चालणारे यंत्र दिवसाला फार तर दोन-तीन रजया देते, त्याला मर्यादा पडतेच.

आपल्याकडे हे चालेल?

जुन्या साड्यांची गोधडी शिवून देणाऱ्या बायका महाराष्ट्रात गावोगावी आहेत. कर्नाटकातील सिद्दी समाजाची ‘कवंदी’ही अशीच जुन्या कपड्यांतून आणि हाताच्या धावदोऱ्यातून घडते. लाँगआर्मला मात्र एकसारखे, ताणले तरी न सरकणारे सुती कापड आवडते. कुठे विरलेली, कुठे जरीने जाड झालेली साडी त्यावर चढवली की सुई अडकते. विसाव्या टाक्याला दोरा तुटणार, हे धरूनच चालायचे.

अमेरिकेतील दुकानदाराला चिंता असते ती नाताळची. डिसेंबरात भेट द्यायच्या रजया टाचून हव्या असतील, तर नोंदणी सप्टेंबर-ऑक्टोबरातच बंद होते. नोव्हेंबरात दारात उभ्या राहिलेल्या जुन्या गिऱ्हाइकाला नाही कसे म्हणायचे, हा प्रश्न दरवर्षी नव्याने पडतो. काही जण जादा दर लावतात, काही रात्री जागतात.