केळं बंद, पाकीट चालू

सकाळी डोळे उघडल्याबरोबर मुलाला ओळीनं दहा-बारा शिंका येतात. मग तळहातानं नाकाचा शेंडा खालून वर चोळणं सुरू होतं. महिनोन्‌महिने असं चोळून त्या कोवळ्या नाकावर एक बारीक आडवी रेघ उमटते, डोळ्यांखाली काळसर छाया धरते. अनुभवी डॉक्टर मूल खुर्चीत बसायच्या आत ही रेघ टिपतात. पेडणे-डिचोलीतल्या घरांत मात्र पहिली शिक्षा ताटाला होते. "केळें दिवूं नाका, थंड पडटा," असं आजी म्हणते आणि केळं जातं, दही जातं, सोलकढी जाते, पुढे मासळीही जाते. शाळेच्या वाटेवरच्या दुकानातलं कुरकुरीत पाकीट तेवढं राहतं. त्याला कुणी थंड म्हणत नाही.

आजीच्या मायेबद्दल शंकाच नको, पण हा निवाडा उलटा आहे.

नाकाची अ‍ॅलर्जी होते ती बहुतेक वेळा श्वासातून आत गेलेल्या गोष्टींनी. गादी-उशीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे, भिंतीवरची बुरशी, झुरळांची विष्ठा, परागकण. शरीर यांना शत्रू समजतं, त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करतं, आणि पुढच्या वेळी तीच धूळ नाकात गेली की हिस्टामिन सुटून शिंका, खाज, पाणी सुरू. चार महिने पावसात भिजणाऱ्या आपल्या गोव्यात गाद्या ओल धरतात, म्हणजे धूळकिड्यांची चंगळच. डिचोलीत खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ आधीच सुजलेल्या नाकाला आणखी चिडवते. यात केळ्याचा काय गुन्हा?

मग आहाराचा संबंधच नाही का? आहे, पण वेगळ्या बाजूनं. मुलांचा दमा आणि अ‍ॅलर्जी यांवर 'आयझॅक' नावाचा जगभरचा अभ्यास 1991 मध्ये सुरू झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यात सासष्टीतलं ओर्ली हेही एक केंद्र होतं. या अभ्यासाची आहाराविषयीची माहिती 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. 13-14 वर्षांची सव्वातीन लाखांच्या आसपास मुलं आणि 6-7 वर्षांची एक लाख 81 हजार मुलं, एवढा तिचा पसारा. आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा फास्ट फूड खाणाऱ्यांत दमा, नाक-डोळ्यांची अ‍ॅलर्जी आणि इसब यांची लक्षणं जास्त आढळली. तेवढ्याच वेळा फळं खाणाऱ्यांत ती कमी. ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या खेड्यांतल्या 690 मुलांच्या पाहणीतही फळं आणि पारंपरिक जेवण यांच्या बाजूनंच कौल आला. स्वीडनमध्ये नऊ महिन्यांच्या आत मासळी चाखलेल्या बाळांना साडेचार वर्षांच्या वयात नाकाची अ‍ॅलर्जी कमी दिसली. यानं कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण दिशा स्पष्ट दिसते. भाज्या-कडधान्यांतला चोथा आतड्यातल्या जिवाणूंचं अन्न. ते त्यापासून जी आम्लं तयार करतात, ती प्रतिकारशक्तीला उगाच भडकू देत नाहीत, असं संशोधक मानतात.

आता पेडण्यातलं जुनं ताट आठवा. उकड्या तांदळाची पेज, नाचणीचं सत्त्व, तांबडी भाजी, अळसांद्यांचं तोंडाक, तारल्यांची आमटी. तारले म्हणजे गरिबाची मासळी, पण ओमेगा-3 चरबी त्यात भरपूर. एका खतखत्यात किती भाज्या पडतात ते मोजून पाहा. वैशाखात डोंगरावरची करवंदं, जांभळं. हे ताट औषध नाही, त्यानं झालेली अ‍ॅलर्जी बरी होणार नाही. पण मुलाच्या पहिल्या काही वर्षांत ते हातचं घालवणं मला फार मोठं नुकसान वाटतं.

बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. त्यानंतर अंडं, मासळी, दाण्यांचं पातळ वाटण हळूहळू सुरू करावं, अख्खे दाणे कधीच देऊ नयेत. 'अ‍ॅलर्जी होईल' या भीतीनं हे पदार्थ लांबवण्याचा सल्ला पूर्वी डॉक्टरही देत. 2015 मध्ये लंडनच्या 640 बाळांवरच्या प्रयोगानं तो मोडीत काढला: दाणे लवकर दिलेल्या बाळांत दाण्यांची अ‍ॅलर्जी पुष्कळ कमी झाली. बाळाला तीव्र इसब असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

दिवाळीत आपल्याकडे रात्रभर नरकासुर मिरवतात आणि पहाटे जाळतात. फटाके, धूर, कागद आणि गवताची राख. मुलं त्या धुरातून घरी येतात, अभ्यंगस्नान करून फोव खायला बसतात, आणि शिंका सुरू झाल्या की दोष येतो दह्यातल्या फोवांवर. यंदा मुलाला धुरापासून चार हात लांब ठेवा, गाद्या-उशा उन्हात टाका, शिंका थांबत नसतील तर त्वचेची किंवा रक्ताची चाचणी करून घ्या. आणि चाचणीत दोष निघेपर्यंत त्याच्या ताटातले दह्यातले फोव काढून घेऊ नका.