शुभारंभाआधीचे प्रयोग

२०२० चा ऑक्टोबर. कोरोनामुळे लोकल अजून सगळ्यांसाठी सुरू झाली नव्हती. दादरचं शिवाजी मंदिर, गिरगावातला साहित्य संघ, परळचं दामोदर, सगळीकडे पडदा खाली. दादरहून बेस्टच्या बसने लालबागला बहिणीकडे गेलो, तर भाचा खिडकीजवळच्या टेबलावर संगणकासमोर बसलेला. पडद्यावर वीस बाजूंचा एक फासा गरगरत होता आणि पोरगा श्वास रोखून त्याच्याकडे बघत होता. फासा थांबला. सात. हवे होते दहा.

"मामा, गेलं!"

वेशीपाशी दोघांचं भांडण लागलं होतं आणि भाच्याच्या पात्राला ते शब्दांनी सोडवायचं होतं. फासा कमी पडला, शब्दही कमी पडले. एकाने दुसऱ्याच्या तोंडावर ठोसा हाणला आणि तो आडवा झाला. मला वाटलं, आता खेळ पहिल्यापासून. पण गोष्ट थांबली नाही. ठोसा बसलेल्या जगातूनच ती पुढे चालत राहिली. मी खुर्ची ओढून बसलो, ते जेवायची हाक येईपर्यंत.

त्या खेळाचं नाव 'बाल्डर्स गेट ३'. बेल्जियममधल्या गेंट शहराच्या लॅरियन स्टुडिओजने तो ६ ऑक्टोबर २०२० रोजी विकायला काढला. पूर्ण किंमत साठ डॉलर, आणि खेळ मात्र अर्धाही झालेला नाही. फक्त पहिला अंक. ज्या शहराचं नाव खेळाला दिलंय, त्या शहरात पाऊलही टाकता येत नव्हतं. भाच्याने लॅमिंग्टन रोडवरून एकेक सुटा भाग आणून जोडलेल्या संगणकात या एका अंकासाठी दीडशे जीबी जागा रिकामी केली होती. अर्धवट वस्तूला पूर्ण पैसे का दिलेस, असं मी विचारलं. तो म्हणाला, "अर्ली अ‍ॅक्सेस आहे मामा. बनतोय तोवर आपण खेळायचं, त्यांनी बघायचं."

हे ऐकून मला एकदम छबिलदासची आठवण झाली. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून 'आविष्कार'ने प्रायोगिक नाटकं करायला सुरुवात केली, आणि पुढे तिथे जे घडलं त्याला लोक छबिलदास चळवळच म्हणायला लागले. कॉलेजात असताना गल्लीतला बटाटावडा खाऊन आम्ही वर जायचो. नट इतके जवळ, की घाम दिसायचा. मराठीत नाटकाच्या खेळाला आपण 'प्रयोग' म्हणतो. रोज वापरून या शब्दातलं नवल आपल्याला दिसेनासं झालंय. शंभरावा प्रयोगसुद्धा प्रयोगच असतो, करून बघणंच असतं. प्रेक्षक कुठे हसला, कुठे चुळबुळला, हे विंगेतला माणूस ऐकत असतो आणि पुढच्या प्रयोगात एखादं वाक्य गळतं, एखादी शांतता लांबते. लॅरियनने हेच केलं, पण शुभारंभाच्या आधी, आणि जवळजवळ तीन वर्षं. पंचवीस लाखांहून जास्त लोकांनी हा अर्धा खेळ विकत घेतला होता.

'रोल-प्लेइंग' म्हणजे सोंग घेणं, भूमिका करणं. या प्रकाराचं मूळ संगणकात नाही, टेबलाभोवती आहे. १९७४ मध्येच (योगायोग, पण मला आवडणारा) अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापला. चारपाच मित्र बसतात. एक जण सूत्रधार होतो, तो जग उभं करतो. बाकीचे आपापलं पात्र बोलतात. आणि जिथे यश नक्की नसतं तिथे फासा टाकतात. माणूस सूत्रधार असला की तो समोरच्यांचे चेहरे वाचतो, कंटाळा दिसला की दरोडेखोर पाठवतो. संगणकाला चेहरे दिसत नाहीत. म्हणून बनवणाऱ्यांनाच लाखो खेळाडूंच्या खांद्यावरून डोकावावं लागतं. कोण कुठला रस्ता धरतं, कुठलं पात्र घेतं, कशाला हात लावत नाही, याचे आकडे स्टुडिओकडे जमत होते. सुरुवातीच्या दिवसांतला एक आकडा त्यांनी जाहीरही केला. शिंगं, शेपट्या, राक्षसी डोळे असं सगळं देऊनही बहुतेकांनी अगदी साधा, शेजारच्या घरातला वाटावा असा माणूस घडवला होता!

पहिला बदल तर विक्रीच्याही आधीचा, आणि तो थेट क्रियापदातला. फेब्रुवारी २०२० मध्ये बॉस्टनला खेळाची पहिली झलक दाखवली, तेव्हा संवादाचे पर्याय भूतकाळात लिहिलेले होते. मी त्याला असं विचारलं, मी तसं सांगितलं, अशा घाटाचे. हे कीर्तनकाराचं बोलणं. घडून गेलेली गोष्ट तो सांगतो. लोकांना ते रुचलं नाही. त्यांना बुवा व्हायचं नव्हतं, नट व्हायचं होतं. ऑक्टोबरपर्यंत सगळे पर्याय वर्तमानात आले.

आता फाशाकडे येतो, कारण खरी जादू तिथे आहे. समजा, एखादं काम पंधराचं आहे आणि तुमच्या पात्राच्या अंगात त्या कामाचे पाच गुण आहेत. मग फाशावर दहा किंवा जास्त पडले की झालं. विसांपैकी अकरा बाजू तुमच्या, म्हणजे शंभरात पंचावन्न वेळा यश. सुरुवातीच्या खेळात ही वजाबाकी पडद्यामागे व्हायची आणि समोर नुसता दहा दिसायचा. गणित बरोबर होतं, पण आपल्या पात्राने वर्षानुवर्षं कमावलेलं कसब कुठे दिसतच नव्हतं. सगळं नशिबाचं वाटायचं. मग ती मांडणी बदलली. आता समोर पंधरा दिसतात, फासा पडतो, आणि तो थांबल्यावर एकेक गुण उडत येऊन त्याला चिकटतो. वर एखाद्या सोबत्याच्या मंत्राने एक ते चार गुण आणखी पडू शकतात. फाशावर नऊ आले, काळजात धस्स झालं, आणि मग अधिक पाच, अधिक दोन, सोळा! तेच गणित, पण आधी उत्तर दिसत होतं, आता बेरीज दिसते. माणसाचा जीव बेरजेत अडकतो हे कुणाच्या लक्षात आलं असेल, त्याला माझा नमस्कार.

लढाईतला बदल याहून खोल होता. पहिल्या रूपात उंचावर उभं राहून बाण मारला की दोन फासे मिळायचे, त्यातला मोठा घ्यायचा. शत्रूच्या पाठीमागे गेलं तरी तेच. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशोब करून बघा. अकरा हवे असतील तर एका फाशाने शंभरात पन्नास वेळा नेम लागतो, दोन फाशांनी पंचाहत्तर. खालून वर मारणाऱ्याला उलट शिक्षा. दोन फाशांतला लहान घ्यायचा, म्हणजे पंचवीस. एका शिडीच्या वरच्या आणि खालच्या पायरीत तिप्पट अंतर! साहजिकच सगळे आधी छपरावर चढायला लागले. भाचाही. कुठलीही लढाई असो, पहिलं काम शिडी शोधणं. बाकी सगळे मंत्र, डावपेच, पात्रांच्या खास विद्या पोत्यात पडून. कारण त्यांच्यातून जे मिळायचं ते छपरावर फुकट मिळत होतं.

अंतिम खेळात पाठीमागे जाण्याचा फायदा गेला आणि उंचीला नुसते दोन गुण उरले. पन्नासाचे साठ, खालच्याचे चाळीस. उंचीला किंमत आहे, पण राज्य नाही. एवढ्याशा बदलाने पोत्यातल्या सगळ्या विद्या बाहेर आल्या. एक नियम सैल केल्यावर दहा नियम जिवंत होतात, हे मी भाच्याच्या पडद्यावर डोळ्यांनी पाहिलंय.

तसंच खाण्याचं. सुरुवातीला भर लढाईत माणसं पिशवीतून काहीबाही काढून खायची आणि जखमा भरायच्या. समोर तलवार उपसलेली, आणि हा डुकराचं मुंडकं खातोय! पुढे अन्नाचं काम बदललं. ते शिदोरी झालं. रात्रीचा मुक्काम करायचा तर साधारणपणे चाळीस गुणांची शिदोरी खर्च होते, आणि मुक्काम केल्याशिवाय थकलेले मंत्र परत येत नाहीत. ज्या भाकरीने लढाई विनोदी केली होती तीच आता प्रवासाला वजन देते. पडक्या घरातली फळांची टोपली दिसली की भाचा सोन्याच्या नाण्यांच्या आधी ती उचलतो.

पात्रांमध्येही उलथापालथ झाली. विल नावाचा एक सोबती पहिल्या रूपात गॉब्लिन नावाच्या दुष्ट जमातीवर सूड घ्यायला निघालेला होता. अंतिम खेळात त्याचा आवाज वेगळ्या नटाचा आणि कथा नव्याने लिहिलेली. आता तो नरकातून पळालेल्या कारलॅकची शिकार करायला निघतो, ती निर्दोष आहे हे कळल्यावर हात आवरतो, आणि त्याच्याशी करार केलेली राक्षसीण शिक्षा म्हणून त्याच्या डोक्यावर शिंगं उगवायला लावते. हॅल्सिन नावाचा वनवासी गुरू आधी दुय्यम पात्र होता. लोकांचा जीव त्याच्यावर इतका जडला की लॅरियनने त्याला कायमचा सोबती केला. प्रेक्षकांच्या टाळ्यांवर छोट्या नटाची भूमिका वाढावी, तसं.

पण माझं मन सगळ्यात जास्त रेंगाळतं ते स्वप्नातल्या माणसावर. या गोष्टीत नायकाच्या डोळ्यातून मेंदूत एक अळीसारखा जीव सोडलेला असतो. तो आज ना उद्या माणसाचा राक्षस करणार, पण तोवर अद्भुत शक्तीही देतो. सुरुवातीच्या खेळात स्वतःचं पात्र घडवल्यावर आणखी एक चेहरा घडवायला सांगत. तुम्ही कुणाची स्वप्नं बघता? मग जसजशी ती शक्ती वापरावी तसतशी ती व्यक्ती स्वप्नात येई, गोड बोले, हात धरून पुढे ओढी. मोहाचं इतकं साधं यंत्र मी कुठल्या नाटकात पाहिलेलं नाही. आपणच घडवलेला चेहरा आपल्याला बुडवायला येतो. अंतिम खेळात चेहरा घडवण्याची ती जागा तशीच राहिली, पण आतली व्यक्ती बदलली. आता तिथे चिलखत घातलेला रक्षक आहे. शक्ती वापरा न वापरा, तो येतोच, आणि त्याच्या पोटात स्वतःचं वेगळं रहस्य आहे. नवी रचना मोठ्या कथेला घट्ट धरून ठेवते, हे मान्य. तरी जुन्या स्वप्नात जो थरार होता, तो खेळाडूच्या स्वतःच्या दोषातून उगवलेला होता. तो हरवला याची मला हळहळ वाटते.

३ ऑगस्ट २०२३ ला पूर्ण खेळ आला. पात्रांच्या सहा वर्गांनी सुरुवात झाली होती, आता बारा. पात्राची वाढ सुरुवातीला चौथ्या पायरीवर अडवलेली होती, ती बाराव्यापर्यंत मोकळी झाली. आणि पाचवी पायरी काय चीज आहे! तिथे जादूगाराला आगीचा गोळा मिळतो, योद्ध्याला एका डावात दोन वार. सुरुवातीची दोन वर्षं लोक या पायरीच्या खाली राहिले होते. पण एक अटही होती. जुने सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेले डाव, चालणार नव्हते, अर्धा खेळ काढून टाकून सगळ्यांनी पुन्हा पहिल्या दृश्यापासून यायचं होतं. भाचा तरीही आनंदात होता. एका वेळी स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावर पावणेनऊ लाख लोक हा खेळ खेळत होते, त्यातला एक लालबागच्या खिडकीजवळ.

तेव्हा एक गोष्ट मला दिसली. पहिला अंक काचेसारखा गुळगुळीत होता. शेवटचा अंक, म्हणजे ते शहर, भव्य होता, पण तिथे खेळ अडखळायचा, धागे अर्धे सुटायचे. पहिल्या अंकावर तीन वर्षं लाखो डोळे फिरले होते. शेवटचा अंक गुपित राहावा म्हणून पडद्याआड ठेवला होता, आणि त्याला प्रेक्षकांचा हात लागलेला नव्हता.

मग तिथेही प्रयोग सुरू झाले. ऑगस्टच्या अखेरीस कारलॅकच्या शेवटात भर पडली. लढाई संपल्यावर सोबती कुठे गेले, कसे आहेत, हे लोकांना जाणून घ्यायचं होतं, म्हणून ३० नोव्हेंबर २०२३ च्या पाचव्या पॅचमध्ये, म्हणजे खेळातल्या दुरुस्तीच्या पाचव्या हप्त्यात, एक नवा समारोप आला. सहा महिन्यांनंतरची एक रात्र, जुन्या मुक्कामावर शेकोटी, आणि वाटेत भेटलेल्या लोकांची पत्रं.

डिसेंबरात रविवारी लालबागला गेलो तेव्हा भाचा तीच रात्र खेळत होता. त्याने सगळी पत्रं उघडून वाचली. मग एकेका सोबत्याकडे गेला, बोलला, परत शेकोटीपाशी आला, पुन्हा पहिल्याकडे गेला. बहिणीने दोनदा जेवायला हाक मारली.

"येतो गं," तो म्हणाला. पडद्यावर निरोप घेण्याचा पर्याय समोर होता, आणि त्याने माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.